आईची सही आणि चॉकलेट पलटण

आमच्या क्लेमचा पुतळा करायचा म्हटलं असतं तर कारागिराची पंचाईत झाली असती. कान हे एवढे, मान जवळजवळ नाहीच, आणि खांदे असे की दारातून आडवं शिरावं. ते खांदे गव्हाच्या पोत्यांनी दिलेले. कुर्नाबीच्या रेल्वे फाट्यावर सुगीत पोत्यांच्या थप्प्या लागायच्या, घराच्या छपराहून उंच. त्या थप्पीवर लाकडी फळीवरून पोतं चढवायचं काम क्लेम आणि त्याचा दोस्त नॉर्म हिस्कॉक करायचे. फळी पायाखाली लवते. पाठीवर पोतं घेऊन मधेच थांबलं की माणूस आणि पोतं दोघंही खाली. म्हणून त्या कामाचा कायदा असा, की चढायला लागलास की थांबायचं नाही आणि बोलायचं नाही. वर पोचल्यावर काय ते बोल. क्लेम घरी जेवायचासुद्धा त्याच पद्धतीने.

मी त्याची धाकटी बहीण, उना. आम्ही दोघंच. वडील पहिल्या लढाईहून, फ्रान्समधून, परत आले ते छातीत विषारी धूर घेऊन. त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही, खोकला आठवतो. माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा ते गेले. आईने शेत शेजाऱ्याला कसायला दिलं, कोंबड्या वाढवल्या, हॉटेलच्या चादरी धुतल्या आणि आम्हाला मोठं केलं. लढाईचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "आमच्या घराचा वाटा देऊन झालाय."

मग दुसरी लढाई आली. तिला कुणी आमच्या घराचा हिशेब सांगितला नव्हता.

नॉर्म लगेच खुशीने भरती झाला. क्लेमलाही जायचं होतं. पण तो एकोणीसचा, आणि एकविसाच्या आत आईबापाची सही लागायची. एका सकाळी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. आई सशाचं कातडं सोलत होती.

"आई, सही हवी."

"कशावर?"

"तुला माहीत आहे कशावर."

"मला लिहिता येत नाही," आई म्हणाली. अख्ख्या गावातल्या बायका तिच्याकडून पत्रं लिहून न्यायच्या.

"नॉर्मच्या आईने केली सही."

"तिला पाच मुलगे आहेत. एखादा कमी झाला तर तिला रविवारी चर्चमध्ये मोजताना कळेल. मला इथल्या इथे कळतं."

"एकवीसचा झालो की तुला विचारणार नाही."

"तोवर संपेल लढाई. हात धू आणि बस."

आईचं गणित पक्कं होतं, आणि ते तिचं एकटीचं नव्हतं. कुर्नाबीच्या सगळ्या आयांना तो कायदा वकिलाहून चांगला पाठ होता. आमच्याकडे तेव्हा दोन फौजा. एक खुशीने गेलेल्यांची. ती जगात कुठेही जायची. दुसरी सरकारने बोलावलेल्यांची, आणि तिला देशाबाहेर न्यायला बंदी होती. तेव्हा सही करायची नाही, बोलावणं आलं तर मुलगा जाऊ द्यायचा. कुठल्यातरी बंदरावर पहारा करील, खंदक खणील, सुट्टीत घरी येईल, आणि घरात खाणारा माणूस राहील. यात चूक एकच होती. देश कुठे संपतो हे कुणी पाहिलं नव्हतं. समुद्रापलीकडे न्यू गिनीचा एक तुकडा आमच्याच सरकारचा होता. शाळेत नकाशा रंगवताना तो आम्ही आमच्याच रंगात रंगवलेला. पण रंग भरताना कोण विचार करतं.

क्लेमला बोलावणं आलं ते पुढच्या वर्षी. गेला. आणि त्या दिवसापासून तो चॉकलेट झाला.

खुशीने गेलेले लोक बोलावलेल्यांना चॉकलेटचे शिपाई म्हणत. दिसायला ठीक, ऊन लागलं की वितळणार. हॉटेलात, गाडीत, नाचाच्या हॉलमध्ये, जिथे क्लेम जाई तिथे कुणी ना कुणी ते म्हणे. नॉर्मने तर इजिप्तहून खास कार्ड पाठवलं. एका बाजूला उंट, दुसऱ्या बाजूला त्याच्या खडबडीत अक्षरात, "ऐकलं की तू चॉकलेट झालास. सावलीत राहा." क्लेमने ते कार्ड चुलीच्या वर भिंतीला खिळ्याने ठोकलं.

"काढ ते," मी म्हटलं.

"राहू दे. उंट चांगला आलाय."

सुट्टीवर आला होता तेव्हा तो आईबरोबर गारसाइडांच्या दुकानात पाव आणायला गेला. गारसाइड म्हणजे आमचा बेकर, तोंडाने तिखट, पण माणूस वाईट नव्हे. त्यांचा थोरला हर्बर्ट पहिल्याच आठवड्यात खुशीने गेलेला, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. क्लेम दारात उभा होता. गारसाइड गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळा, उन्हात उभा राहू नकोस. आमच्या पायरीला डाग पडेल."

सगळे हसले. क्लेमही थोडा हसला, कान मात्र लाल. आईने हातातला पाव परत फळीवर ठेवला आणि बाहेर पडली. त्या दिवसापासून पाव घरी. पहिले काही असे झाले की दार उघडं राहावं म्हणून खाली लावता आले असते. क्लेमने तेही कायद्याप्रमाणे, न बोलता, न थांबता खाल्ले.

परत जाताना स्टेशनवर तो मला म्हणाला, "उने, मला शूरबिर काही व्हायचं नाही गं. फक्त एकदा त्यांच्या शेजारी उभं राहायचंय. मग म्हणू देत काय म्हणायचं ते."

त्याला एवढंच हवं होतं. आईला तो परत हवा होता. आणि एका घरात या दोन्ही गोष्टी मावत नव्हत्या.

मग पत्र आलं. कुठून ते लिहायला मनाई होती, पण क्लेमने लिहिलं होतं की इथे नारळ डोक्यात पडतात, डास कोंबडीएवढे आहेत, आणि आम्ही बोटींतून पेट्या उतरवतोय, पोत्यांपेक्षा हलक्या. आई ते पत्र घेऊन पोस्टात गेली. पोस्टाच्या मिस ट्रूस्कॉट यांच्यामागे भिंतीवर मोठा नकाशा होता. मी बरोबर होते.

"नारळ कुठे असतात?" आईने विचारलं.

मिस ट्रूस्कॉटना सगळं माहीत असायचं, पत्रं चिकटवलेली असली तरी. त्यांनी बोट ठेवलं.

"पण ते समुद्रापलीकडे आहे," आई म्हणाली.

"हो. पण आपलंच आहे, मिसेस पेंग्ली."

"कधीपासून?"

"तुमच्या-माझ्या लहानपणापासून."

आई तडक घरी आली. आल्यावर तिने मनुका भिजत घातल्या. आमच्याकडे लढाईवरच्या पोरांना केक पाठवायचा तो डब्यात घालून, डबा कापडात शिवून, म्हणजे महिनाभर टिकतो. केक भट्टीतून निघाला, गार झाला, आणि आईने वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, की मी, अॅडिलेड पेंग्ली, माझा मुलगा क्लेमंट याला खुशीच्या फौजेत जायला परवानगी देते. खाली सही. पान केकच्या वर ठेवलं आणि झाकण लावलं.

"आई, आता कशाला?" मी म्हटलं. "तो तर गेलाच आहे."

"गेलाच आहे म्हणून. घरी ठेवता नाही आला, तर निदान त्याला हवा तसा जाऊ दे." आणि सुई दातात धरून म्हणाली, "दोरा दे. रडायचं असेल तर कोंबड्यांकडे जा."

तिकडे त्या वर्षी जपानी डोंगर उतरून बंदराकडे यायला निघाले होते, आणि त्यांना अडवायला वाटेत होती फक्त ही चॉकलेट पलटण. आम्हाला ते पुढे कळलं. आम्हाला आधी तार आली. मिस ट्रूस्कॉट स्वतः चालत आल्या, टोपी घालून, कामाच्या वेळात पोस्ट बंद करून. फाटकाची कडी काढताना त्यांना पाहिलं आणि आई म्हणाली, "उना, चूल पाहा." चुलीवर काहीच नव्हतं.

त्याला ऑक्टोबरात एकवीस पूर्ण झाली असती.

आता पुढचं नॉर्मच्या तोंडचं. तो पुढल्या उन्हाळ्यात घरी आला, एक पाय आखूड, काठी घेऊन. आमच्या ओट्यावर बसला. आईने चहा दिला, क्वांडाँग या रानफळाचा मुरंबा आणि घरचा पाव दिला. एव्हाना पाव बरा होऊ लागला होता. नॉर्म कपातला चहा ढवळत बसला. साखर विरघळून गेली तरी ढवळत होता.

"नॉर्म," आई म्हणाली, "चढायला लागलायस ना? मग मधे थांबू नकोस."

तेव्हा त्याने सांगितलं.

"आम्हाला वाळवंटातून परत आणून थेट तिकडे पाठवलं, मिसेस पेंग्ली. दिवसभर चिखलाच्या पायऱ्या चढायच्या, वर पोचलं की तेवढ्याच उतरायच्या. सगळे म्हणत होतो, पुढे चॉकलेटवाल्यांनी काय घोळ घातलाय देव जाणे. आणि मग ते दिसले. मी युद्धात माणसं पाहिली होती, पण अशी नाही. गाल आत गेलेले, बूट कुजून पायाला चिकटलेले, तापाने थरथरतायत. पण बंदुका लख्ख. मी एकाला विचारलं, काय रे, चॉकलेटवाले कुठे भेटतील? तो म्हणाला, डोळे फुटले का, आम्हीच. आवाजावरून ओळखला. तो क्लेम."

"काय म्हणालास त्याला?"

"म्हटलं, क्लेम्या, वितळला नाहीस अजून? म्हणाला, नॉर्म्या, इथे पाऊस फार, चॉकलेट घट्ट होतं."

आईच्या ओठाचा कोपरा हलला.

"केक पोचला होता," नॉर्म म्हणाला. "सगळ्या तुकडीत वाटला त्याने, वाटला म्हणजे हुंगायला दिला म्हणा. आणि तुमचा कागद त्याच्या तंबाखूच्या डबीत होता. मला काढून दाखवला. मी म्हटलं, मग दे की कॅप्टनला आणि ये आमच्यात. आमच्याकडे निदान बूट आहेत. तर म्हणाला, बूट दे, कागद राहू दे."

"का?" हे मी विचारलं. मला राहवलं नाही.

"मीही तेच विचारलं, उना. तो त्या पोरांकडे बघत म्हणाला, यांच्यातल्या अर्ध्यांच्या आयांनी सही केली नाही, अर्ध्यांनी मागितलीच नाही, आणि सगळे इथवर आले. आता मी कागद काढून तुमच्यात आलो तर म्हणतील, पेंग्ली वितळला." नॉर्मने कप खाली ठेवला. "तेव्हा मी त्याला कार्डाबद्दल काही बोलणार होतो. तो म्हणाला, उंट चांगला आला होता."

क्लेमच्या लोकांना मग हुकूम झाला की तुम्ही खाली जा, विश्रांती घ्या, आता हे आलेत. ते निघाले. सकाळी धुक्यात जपान्यांनी बगलेने येऊन मारा केला. नॉर्मच्या मांडीत गोळी शिरली. आणि उतारावर अर्ध्यापर्यंत गेलेले क्लेमचे लोक कुणी न सांगता मागे वळले.

"मी चिखलात पडलेलो. कुणीतरी मला उचलून खांद्यावर टाकलं, अगदी फाट्यावर टाकायचो तसं, गुडघे वाकवून. मी ओरडत होतो. तो म्हणाला, गप, पोतं बोलत नाही. चढावर चढला मिसेस पेंग्ली, ताप अंगात असताना, एकदाही न थांबता. वर तिथल्या हमालांच्या ताब्यात दिलं मला. ते काळे लोक, चौघं मिळून झोळी नेतात, आतल्या माणसाला धक्का लागू देत नाहीत. पण झोळी हळू जाते. आणि खाली ओढ्यावर एकच ओंडका होता, जपान्यांना पलीकडून यायला. तिथे कुणीतरी बसायला हवं होतं."

आईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"तो आणि त्याच्यातले दोघं मशीनगन घेऊन उतरले. मी त्याची बाही धरली. म्हटलं, चल रे, पुरे झालं आता. त्याने हात सोडवला. म्हणाला, तू वर पोच. वर पोचल्यावर काय ते बोल."

"मग?"

"ऐकू येत होती बराच वेळ. थांबायची, परत सुरू व्हायची. मग झोळ्या कड्यापलीकडे गेल्या आणि ऐकू यायची बंद झाली. ती बंद पडली की आम्हीच लांब गेलो, हे मला आजही सांगता येत नाही."

अंगणात कोंबड्या भांडत होत्या. आईने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले.

"माझा कागद त्याने वाचला होता?" तिने विचारलं.

"मला मोठ्याने वाचून दाखवला. आणि हसला. म्हणाला, म्हातारीला लिहिता येतं की."

आई उठली, कोंबड्यांचे दाणे घेतले आणि अंगणात गेली. त्यांना सकाळीच दाणे घातलेले होते. त्या दिवशी त्यांची चैन झाली.

तिने सही लवकर केली असती तर क्लेम नॉर्मबरोबर वाळवंटात गेला असता. कदाचित परत आला असता, कदाचित तिथेच राहिला असता. असती-नसतीचं पीक आमच्या घरात पुढे कैक वर्षं आलं, दुष्काळातसुद्धा. पण आई ते बाहेर विकायला नेत नसे.

लढाई संपली. गावातल्या स्मारकाच्या दगडावर पहिल्या लढाईची नावं होती, आता दुसरीची कोरायची ठरली. समितीचे अध्यक्ष गारसाइड. त्यांचा हर्बर्ट मलायातल्या कैदेतून परत आला नव्हता. गारसाइडांचे केस पिठाहून पांढरे झाले होते, आणि दुकानात ते आता कुणाची थट्टा करत नसत. तरी यादी त्यांनी केली ती अशी: वर खुशीने गेलेले, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली बोलावलेले.

हॉलमध्ये सभा भरली. आई पहिल्या ओळीत बसली, मी शेजारी. नॉर्मने उठून क्लेमची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, की त्याच्याकडे सहीचा कागद होता, त्याला रेघेखाली घालणं बरं दिसत नाही. समितीने आपसात माना डोलावल्या. गारसाइड उठले.

"मिसेस पेंग्ली, आम्हाला मंजूर आहे. सही होती म्हणजे तो खुशीचाच धरायचा. क्लेमंटचं नाव आम्ही वर घेतो." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना वाटलं, जुनं काहीतरी फिटतंय.

"नको," आई म्हणाली.

गारसाइडांची पेन्सिल यादीवरच थांबली.

"नको म्हणजे?"

"कागद द्यायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवलं होतं. आता तुम्ही तो त्याच्या खिशातून काढून देणार का?"

"अहो, पण मग नाव खाली जाईल."

"खाली कशाला जाईल? रेघ काढा."

मागून कुणीतरी म्हणालं, "रेघ काढली तर कोण कुठला ते कळणार कसं?"

"कुणाला कळायचंय?" आईने मान न वळवता विचारलं. "त्याने नॉर्मला उचलला तेव्हा विचारलं नव्हतं, तू कुठल्या फौजेचा म्हणून."

"मी बोलायला बघत होतो," नॉर्म म्हणाला. "मला गप बसवलं."

काही लोक हसले. गारसाइड हसले नाहीत. ते यादीकडे बघत होते. "माझा हर्बर्ट कुणी न बोलावता गेला," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात. त्याला काहीच वेगळं नको का मिळायला?"

आता हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून सगळ्यांना जड गेलं. मला वाटलं, आई इथे नमेल. तिने पर्स उघडून विणकाम काढलं.

"हर्बर्ट चांगला मुलगा होता," ती म्हणाली. "आमच्या झाडावरून पडला होता तेव्हा त्याचा हात मीच बांधला. क्लेमच्या रांगेत उभं राहायला त्याने नाही म्हटलं नसतं. तुम्ही म्हणताय. तेव्हा बसा आणि ठरवा. मला घाई नाही, बाहीच चालू आहे."

आणि ती विणत बसली. समिती कुजबुजली, कुणी खिडकी उघडली, कुणी पुन्हा लावली. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. नॉर्म उभा होता तो उभाच राहिला, आखूड पायावर, काठीला रेलून, आणि ते पाहून लढाईवर जाऊन आलेले दोघं-तिघं उठून त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यातला एक खुशीचा, बाकीचे बोलावलेले. 

शेवटी गारसाइडांनी खिशातून चष्मा काढला. "आडनावाच्या अक्षराप्रमाणे," ते म्हणाले. "सगळे एकत्र." मग कुणाकडे न बघता रबर घेतलं आणि ती रेघ स्वतःच्या हाताने पुसली. कागद टेबलावर आईसमोर सरकवला.

आईने विणकाम मांडीवर ठेवलं, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघितला.

"इथे अजून खूण दिसतेय," ती म्हणाली. "नीट पुसा."

गारसाइडांनी परत रबर उचललं.